पाठीला टेकेल एवढं घर

बसा. पाय जमिनीला टेकवा, पाठ सैल सोडा, पण चपला काढू नका. या मननाला चपला घालूनच बसायचं आहे.

जागा जिंतूरची. ज्येष्ठाची संध्याकाळ, मिरग दोन-चार दिवसांवर आलेला. दिवसभर तापलेली जमीन अजून ऊब सोडते आहे. नेमगिरीकडच्या टेकड्यांवरचा उजेड विरत चालला आहे. घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग आहे, बाजूला गवऱ्या रचलेल्या आहेत आणि बांधाशी एक चपटा काळा दगड आहे. तुमच्यापुढे स्टुलावर रुंद तोंडाची काचेची बरणी आहे, लोणचं संपल्यावर धुऊन वाळवलेली. बरणीत बोटभर माती आणि मातीवर विंचवाचं एक पिल्लू, तांदळाचे दोन दाणे टोकाला टोक लावून ठेवावेत एवढं.

ही बरणी मनातली आहे. आजच्यापुरती ती मनातच राहू द्या. खऱ्या दगडाखाली हात घालायला कुणी उठू नये.

पिल्लू इथवर कसं आलं, तेही मनात आणा. पावसाआधी सरपण आत घ्यायचं म्हणून कुणीतरी पऱ्हाट्या उचलल्या. खाली काहीतरी वळवळलं. एकाची चप्पल वर गेली. घरातल्या लेकराने "मारू नका, मारू नका" म्हणत बरणी आणली आणि कुणीतरी लांब सांडशीने ते आत सोडलं. मीही अशी चप्पल उचललेली आहे. ती खाली आणायला मला पुष्कळ वर्षं लागली.

आता बरणीभोवती दोन प्रश्न जमतील. हा कुठला? आणि याला ठेवायचं कशात? नावाचा एक, घराचा एक. दोन्ही चांगले आहेत, पण दोन्हींना थोडं थांबायला सांगा.

आधी दगडाकडे बघा. बांधाशी पडलेला तो काळा दगड, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात बेसॉल्ट म्हणतात. चारठाण्याची हेमाडपंती देवळं याच काळ्या दगडाची. लाव्हा पसरला, थिजला आणि हा दगड झाला, त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. विंचवांचे सर्वांत जुने जीवाश्म मात्र सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दगडाखाली विंचू सापडला असं आपण सहज म्हणून जातो. त्या जोडीत धाकटा दगड आहे. थोरलं ते बरणीतलं, दोन तांदळांएवढं.

यापाशी दोन-चार श्वास रेंगाळा.

श्वास घेताना एक करा, तोंड जरा बाजूला वळवा. पिल्लाच्या पुढच्या चिमट्यांवर अगदी बारीक केस आहेत, हवेची हालचाल टिपणारे. तुमचा उच्छ्वास त्याच्यापर्यंत पोचतो तो वारा होऊन, आणि वारा म्हणजे कुणीतरी हललं. नजर त्याची तेवढी कामाची नाही. पाठीच्या पुढच्या भागात मधोमध दोन डोळे आणि कडेला दोन ते पाच जोड्या एवढे डोळे विंचवांना असतात, पण त्यांनी मुख्यत्वे उजेड-अंधारच कळतो. त्याचं खरं कळणं पायांतून आहे. पायांच्या सांध्यांजवळच्या बारीक भेगांतून जमिनीचा हादरा आत जातो. अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विंचवाला हातभर अंतरावर वाळूत किडा चालला तरी तो कुठे आहे हे समजतं. म्हणजे तुम्ही बसलात तेव्हा, स्टूल जरासं सरकलं तेव्हा, तुमच्या येण्याची बातमी त्याला आठही पायांतून गेली. त्याने तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमचं वजन त्याला लागलं आहे.

स्थिर बसा. तुमचा स्थिरपणा त्याला कळतो.

बघा, त्याने नांगी जरा खाली घेतली. अंगावर वळलेली ती शेपूट आता कुशीला आडवी पडली आहे. निवांत असलेला विंचू बरेचदा असाच असतो, शेपूट एका बाजूला वळवून ठेवलेला. आपण त्याला कायम नांगी उभारलेला पाहतो, कारण तो आपल्याला भेटतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचं छप्पर नुकतंच कुणीतरी उचललेलं असतं.

आता काही दिवस मागे जाऊ. हे पिल्लू अंड्यातून बाहेर पडलेलं नाही. विंचवीण जिवंत पिल्लांना जन्म देते, एका वेळी वीस-पंचवीस सहज. ती जन्मतात तेव्हा पांढुरकी, मऊ, जवळजवळ पारदर्शक असतात. आई पुढचे पाय वाकवून त्यांना आधार देते, पिल्लं त्या पायांवरून चढतात आणि पाठीवर दाटीवाटीने बसतात. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे, तिथेच. या काळात ती काही खात नाहीत. जन्मताना अंगात आणलेल्या शिदोरीवर जगतात.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बदलीवर निघालेल्या माणसाला लावतो, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबालाही लावतो. वाहून न्यायला दुसरं काही नसतं, सगळं पाठीवर, एवढाच तिचा अर्थ उरला आहे. पण ज्याने ती पहिल्यांदा म्हटली असेल, त्याने कधीतरी दगड उचलून खाली वाकून, चप्पल न उगारता, पुरेसा वेळ बघितलं असलं पाहिजे. पाठीवरचं ते बिऱ्हाड म्हणजे भांडीकुंडी नव्हे, लेकरं आहेत. पिल्लं आईचं पोट फोडून, तिला खाऊन जन्मतात असंही गावोगाव सांगतात. ते खरं नाही. आई फार उपाशी असली, फार डिवचली गेली, तर तीच एखादं पिल्लू खाऊन टाकते, हे मात्र घडतं. पण पोट फोडून जन्माला येण्याची गोष्ट त्या पाठीवर बसलेल्या पिल्लांवर अन्याय करणारी आहे, आणि तिच्यावरही. मला ती गोष्ट ऐकवत नाही.

तेव्हा आपल्या बरणीतल्या जिवाचं पहिलं घर एक पाठ होती. खाली आईची पाठ, वर दगडाचा तळ, मधे दोन बोटांची फट. हे लक्षात ठेवा. घराच्या प्रश्नाशी आलो की लागेल.

पहिली कात टाकली की अंगाला जरा रंग येतो आणि आणखी एक गोष्ट येते. नोटा तपासायच्या निळ्या दिव्यासारखी अतिनील प्रकाशाची टॉर्च मारली, तर विंचू अंधारात हिरवट-निळा चमकतो. नवजात पिल्लू चमकत नाही. अंगावरचं कवच कडक झाल्यावरच ही चमक येते. आपलं पिल्लू चमकतं आहे असं धरा. याचा अर्थ एवढाच की ते पाठीवरून उतरलं आहे आणि आता एकटं आहे.

आता नावाकडे चला. सावकाश.

मोठ्या विंचवाचं आपल्याकडे साधं गणित सांगतात आणि ते बरंचसं बरोबर आहे. चिमटे जाड, शेपूट बारीक, अंग काळं थोराड, तर ती इंगळी. दिसायला भीतिदायक, डंख ठणकणारा, पण सहसा जिवावर न बेतणारा. चिमटे बारीक, शेपूट भरलेली, रंग पिवळट-तांबडा, तर तो लाल विंचू, आणि त्याला भ्यायलाच हवं. ज्याच्या हातात ताकद आहे त्याला विषाची गरज कमी. ज्याचे हात नाजूक, त्याने सगळं शेपटीत साठवलेलं. पण झाडाच्या सालीखाली राहणारे, ठिपक्याठिपक्यांचे किरकोळ विंचूही बारीक चिमट्यांचेच असतात. म्हणजे हे गणित मोठ्या विंचवाच्या बाबतीतसुद्धा अर्धंच उत्तर देतं.

पिल्लाच्या बाबतीत तर तेवढंही नाही. याचा रंग फिका गव्हाळ आहे, आणि फिकं जवळजवळ प्रत्येकच पिल्लू असतं. चिमट्यांची आणि शेपटीची प्रमाणं अजून ठरायची आहेत. मोठं होईपर्यंत ते साधारण पाच-सात वेळा कात टाकेल आणि दर खेपेला थोडं वेगळं दिसेल.

मग न बदलणारं काही आहे का? आहे, पण ते पोटाकडे आहे. बरणी अलगद उचला, डोळ्यांच्या वर धरा आणि तळाच्या काचेतून बघा. माती बाजूला सरली आहे तिथे पिल्लू काचेवर उभं आहे. पायांच्या शेवटच्या जोडीमागे दोन बारीक फण्या दिसतील, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन बाजूंना पसरलेल्या. जगात दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला अशा फण्या नाहीत. त्यांनी तो चालता चालता जमीन चाचपतो, तिचा वास घेतो, चव घेतो. फणीला जेवढे दात घेऊन पिल्लू जन्मतं, तेवढेच शेवटपर्यंत राहतात. अंग वाढतं, रंग चढतो, दातांची संख्या तीच. फण्यांच्या पुढे, पायांच्या मुळाशी, छातीची एक बारीक पट्टी असते. लाल विंचवाच्या कुळात ती त्रिकोणी असते, इंगळीच्या कुळात पाचकोनी. भारतीय प्राणिसर्वेक्षणाने १९८३ मध्ये भारतातल्या विंचवांवर ग्रंथ काढला. टिकादर आणि पुण्यात काम केलेले देशभूषण बस्तवडे हे त्याचे लेखक. त्यात ओळख पटवण्याच्या वाटा याच खुणांवरून जातात. दात मोजा, केसांच्या जागा बघा, कंगोरे बघा. भिंगाखाली, तासन्‌तास.

आणि एवढं बघूनही नावं स्थिर राहिलेली नाहीत. लाल विंचवाला फाब्रिसियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७९८ मध्ये शास्त्रीय नाव दिलं. त्यानंतर तो ब्यूथस झाला, मेसोब्यूथस झाला, आता हॉटेनटोटा आहे. नावातला 'टॅम्युलस' एवढाच तुकडा टिकला. आपल्याकडच्या काळ्या इंगळ्याही २०२० मध्ये जुन्या गटातून निघून डेक्कनोमेट्रस या नव्या गटात गेल्या, दख्खनचं नाव लावून. दगडाखाली काहीच बदललं नाही.

बरणी खाली ठेवा. स्वतःला विचारा, हा कुठला? आणि मनात खरं उत्तर येऊ द्या: अजून कळत नाही. या उत्तराने थोडं अस्वस्थ वाटेल. ते वाटू द्या. मात्र या उत्तराबरोबर एक वागणूक येते. जोवर कळत नाही, तोवर तो लाल आहे असं धरून वागायचं. हात नाही, उघडं झाकण नाही, फोटोसाठी तळहातावर घेणं नाही. पिल्लाच्या नांगीत विष कमी असतं, पण असतं.

भीतीजवळही थोडं बसायला हवं. मराठवाड्यात ही भीती पुस्तकातली नाही. सोयाबीनची गंजी उपसताना, कडबा उचलताना, जोड्यात पाय घालताना विंचू डसतो. डसल्यावर ठणका उठतो तो असह्य, पण नुसता ठणका बहुधा मारत नाही. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडू लागले, की समजावं विष हृदयापर्यंत गेलं. लाल विंचवाच्या विषाने शरीरातली उत्तेजक रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. तेव्हा चिंचोका उगाळण्यात, उतारा करणाऱ्याकडे जाण्यात घालवलेला एकेक तास लेकराच्या आयुष्यातून वजा होतो.

जिंतूरच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७०च्या दशकात कोकणात महाडकडे सरकारी डॉक्टर म्हणून गेले, तेव्हा लाल विंचू डसलेली माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी काय केलं? ते खाटेशी बसले. मिनिटामिनिटाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा लिहीत राहिले. त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि तिच्याबद्दलचा लेख १९८६ मध्ये तिथेच छापून आला. गंभीर रुग्णांतले सुमारे ४० टक्के दगावत, ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात बरोबरीने होत्या. २०११ मध्ये प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्याने रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी दाखवलं. हिम्मतरावांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मला त्या खाटेशी बसण्याचं मोल फार वाटतं. मरणाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसणं आणि बरणीतल्या पिल्लाजवळ श्वास आवरून बसणं यांत अंतर मोठं आहे. पण डोळ्यांना लावायची शिस्त तीच.

संत एकनाथांनी गोदाकाठी पैठणला विंचवावर भारूड रचलं आणि काम-क्रोधाला विंचू केलं. तो आतला विंचू वेगळा आणि त्याचा दाहही वेगळा. समोरच्या या विंचवात मला क्रोध शोधूनही सापडत नाही. त्याला अंगावर पडलेला उजेड नको आहे, एवढंच दिसतं.

आता घर. मुलांना वाटतं, मोठी काचपेटी आणावी, खाली रंगीत खडे पसरावेत, वर दिवा लावावा. तुम्ही मात्र आईची पाठ आणि दगडाचा तळ आठवा. विंचवाला वरून आणि खालून अंगाला काहीतरी टेकलेलं लागतं. मोकळ्या पेटीत तो रात्रभर कडेकडेने फिरत राहतो, आणि आपण म्हणतो, बघा किती खेळतो.

मनातल्या मनात त्याला घर करून द्या. पंजाएवढी पारदर्शक डबी घ्या. चाळलेली माती दोन बोटं पसरा, एका कोपऱ्यात चार थेंब पाणी शिंपडा, दुसरा कोपरा कोरडा ठेवा, ओलं हवं की कोरडं हे त्याचं तो ठरवील. फुटक्या माठाचं एक खापर घ्या, किंचित बाकदार, आणि ते मातीवर असं पालथं ठेवा की खाली जेमतेम सरकता येईल. उंच नको. पाठीला टेकलं पाहिजे. बाटलीचं झाकण पाण्यासाठी, त्यात खडे, नाहीतर एवढंसं पिल्लू त्यातच बुडतं. झाकणाला सुईची भोकं. गुळगुळीत काच त्याला चढता येत नाही, पण पेटीच्या कोपऱ्यातला सिलिकॉनचा सांधा चढता येतो. म्हणून ही डबी आणखी एका झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा लेकरांचा हात पोचणार नाही तिथे, उन्हापासून लांब. मे महिन्यात खिडकीत ठेवलेली बंद डबी म्हणजे भट्टीच. एका डबीत एकच जीव. दोन ठेवले तर एकच उरतो. आठवड्यातून एखादा रातकिडा, त्याच्याहून लहान, तोही मारून टाकलेला. न खाल्लेला सकाळी काढून घ्यायचा. आणि डबीवर चिठ्ठी: कुठल्या ढिगाखाली, कुठल्या तारखेला. नाव नसलेल्या जिवाची तेवढी ओळख तरी खरी असते.

हे सगळं सांगून मी म्हणेन की ठेवू नका. लेकरंबाळं असलेल्या घरात ज्याची ओळख पटलेली नाही असा विंचू पाळू नये, आणि लाल आहे हे पटलं असेल तर मुळीच नाही. यावर माझं मत बदलणार नाही. परदेशात आफ्रिकेतला मोठा काळा एम्परर विंचू हौसेने पाळतात. त्या हौसेपायी रानातून इतके उचलले गेले की त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने बंधनं आली. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२च्या दुरुस्तीनंतर त्या कराराच्या यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंद करावी लागते. एक संध्याकाळ बघणं आणि परत नेणं, एवढी पाळणूक मला पुरेशी वाटते.

पण डबी मनातलीच आहे. तेव्हा दोन-तीन रात्री तरी ती ठेवून बघू.

पिल्लू खापराखाली गेलं. दोन दिवस खात नाही, हलत नाही. कुणीतरी म्हणेल, मेलं. हात लावू नका. पाठीच्या पुढच्या कडेला कवच उकलतं आहे. त्या चिरेतून ते स्वतःला ओढून काढतं. आठ पाय आठ पायमोज्यांतून, चिमटे, फण्या, नांगीसुद्धा. याला तास लागतात. बाहेर येतं तेव्हा ते मऊ आणि फिकं असतं, नांगी टोचू शकणार नाही इतकी मऊ. या वेळी आत राहिलेला एक रातकिडासुद्धा त्याला कुरतडून मारू शकतो. जिवाच्या साऱ्या आयुष्यात इतकी उघडी वेळ दुसरी नसेल.

आता ती निळी टॉर्च एकदाच, क्षणभर लावा. खापराशी एक विंचू हिरवट झळकतो आहे, पूर्ण, शेपटीसकट. ती कात आहे. तिच्या शेजारी ज्याची ती होती, ते पिल्लू चमकत नाही. अंधारात अंधारासारखं बसलं आहे, कवच घट्ट होण्याची वाट बघत.

टॉर्च बंद करा. या अंधारात हवा तेवढा वेळ बसा.

नेमगिरीला भुयारासारख्या गुहांत पार्श्वनाथांची भारी दगडी मूर्ती आहे. ती खाली एका लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे, बाकी खालून मोकळी. लोक वाकून ती फट बघतात. इतक्या मोठ्या वजनाखाली इतकी मोकळी जागा कशी, याचं नवल करतात. मला तिथे वाकताना बांधावरचा दगड आठवतो. त्याच्याही खाली कुठल्यातरी खड्याच्या आधाराने एवढीशी जागा मोकळी राहिलेली असते.

कवच घट्ट झालं, पुन्हा रात्र झाली. आग्नेयेला वृश्चिक वर आलं आहे. ज्येष्ठेचा तांबडा ठिपका आणि खाली मुळाची वळलेली शेपूट. चांदणं फार नाही. ते बरं, चांदण्यात पुष्कळ विंचू बाहेर पडायला कचरतात.

डबा घ्या. बॅटरी, लांब काठी, पायांत जोडे. घरापासून लांब, शेताच्या पलीकडच्या बांधावर चला. चपटा दगड काठीने एका कडेने उचला आणि तसाच धरून ठेवा. खाली दगडाच्या आकाराचा ओलसर ठसा आहे, त्यात मुंग्यांची एक वाट आहे. डबी आडवी ठेवा, झाकण काठीने सारा आणि थांबा. हलवू नका, उपडी करू नका.

पिल्लू कडेशी येतं. फण्या मातीला लागतात. एक पाय बाहेर, मग थांबणं. तुमच्या हातातल्या काठीचा कंप त्याला लागत असेल. श्वास सोडा. ते ठशाच्या कडेने आत सरकतं, वळतं, शेपूट कुशीला घेतं.

आता दगड खाली आणा. ज्या ठशातून उचलला त्याच ठशात, त्याच कडेने, सावकाश. अर्ध्यावर थांबा, आत बघा, मग उरलेलं अंतर. दगड टेकल्याचा आवाजही येऊ देऊ नका.